मेसेज नासत नाही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका सावकाश माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. चालायचे ते तुरुतुरु; सावकाशी होती ती फोनपुरती. सकाळचा चहा झाला की फोन कपाटातून निघायचा, आलेलं सगळं ते मान हलवत वाचायचे, एखाद्याला उत्तर लिहायचे आणि फोन पुन्हा कपाटात. दिवाळीच्या शुभेच्छा त्यांच्याकडून भाऊबीज उलटल्यावर यायच्या, पण त्यात माझ्या मुलीनं केलेल्या किल्ल्याचं कौतुकही असायचं. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "अवो, मेसेज म्हंजे काय दूध हाय का, नासायला?"

मी त्यांच्या अगदी उलट. सोसायटीच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. माझा अंगठा कधी मेंदूची परवानगी घेत नसे. कुणी नुसतं शिंकलो म्हटलं तरी पहिलं 'काळजी घ्या' माझंच. बायको म्हणायची, "घरात हाक मारली तर ओ देत नाही. जेवायचंय का, हे आता ग्रुपवरच विचारते."

शहराच्या कडेला आमच्या सातारा परिसरात तेव्हा इमारती वर चढत होत्या आणि बोअरचं पाणी खाली चाललं होतं. त्या उन्हाळ्यात सगळी भिस्त टँकरवर. एका दुपारी ऑफिसात मला कुणीतरी मेसेज धाडला: टँकरच्या पाण्यात विषारी औषध मिसळलंय, साठवलेलं पाणी ताबडतोब ओतून द्या. पुरता वाचायच्या आत मी तो ग्रुपवर टाकला, वर 'अतिशय महत्त्वाचे' हे माझं योगदान जोडून. घरी पोचलो तर ऐन दुष्काळात आमच्या गल्लीतून ओढा वाहत होता! पिंपं, हंडे, बादल्या, सगळं रिकामं. मग कुणीतरी मेसेजची शेवटची ओळ वाचली. तो भलत्याच गावचा होता, आणि जुना. टँकर यायला अजून अवकाश होता. बायकोनं रिकामा हंडा माझ्यापुढं आणून ठेवला.

काका त्या दिवशी वेरूळला दर्शनाला गेलेले, फोन अर्थातच कपाटात. त्यांचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. संध्याकाळी आल्यावर त्यांनी दार सताड उघडलं आणि घराघराला कळशीभर पाणी दिलं. "लई धांदल करता राव तुमी लोकं," एवढंच बोलले. माझी कळशी भरताना मात्र हळूच म्हणाले, "घ्या. वाटलं तर आधी ग्रुपवर इचारा."

त्याच वर्षी माझी आई गेली. ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली आणि मीही सवयीनं एकेकाला उलट हात जोडत बसलो. तेरावा उरकला, ग्रुपवर पुन्हा टँकरची चर्चा सुरू झाली, आणि मग एका सकाळी काका खाली आले. समोरची खुर्ची ओढून बसले.

"तुमच्या आईला जिन्यात पाहिलं तेवढंच," ते म्हणाले. "कशा होत्या, सांगा की."

मी सांगायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की आईबद्दल आपण अजून कुणाशीच बोललो नाही. दुपार कलली तरी काका उठले नाहीत.