पेल्यातलं जेवण

आमच्या घरी डाळिंब कधी विकत आलं नाही. सांगोल्याच्या बाजूला आई आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, लोकांच्या बागांत तोडणीला जायचे. चांगला माल क्रेटमधून बाहेरगावी जायचा आणि उन्हानं तडकलेलं एखादं फळ आईच्या ओच्यातून घरी यायचं. ते आम्ही दोघी बहिणी दाणा दाणा करून, बियांसकट चावून खायचो. साल आई वाळवून ठेवायची, कुणाचं पोट बिघडलं तर उपयोगी पडावी म्हणून. त्या दाण्यांचा रस काढावा आणि एका दमात पिऊन टाकावा, हे आमच्यातल्या कुणाला सुचलं नसतं. टँकर आला की भांडी घेऊन पळणाऱ्या घरात असले विचार येत नाहीत.

रस आमच्या घरात एकदाच निघाला, तोही घरात नव्हे. आण्णा सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पडून होते. गावाकडून येणारा प्रत्येक जण मोसंबी घेऊन यायचा. आमच्याकडची रीतच ती. धडधाकट माणसाकडे कुणी फळं नेत नाही, हातात फळांची पिशवी दिसली की ओळखायचं, गडी दवाखान्यात चाललाय. आई खाटेजवळ फरशीवर बसून मोसंबी हातानं पिळायची, पदरातून गाळायची आणि चमच्यानं आण्णांच्या तोंडात सोडायची. एके दिवशी डॉक्टरांनी तिला सांगितलं, आता रस देऊ नका. आण्णा त्याच आठवड्यात गेले.

पुढं आईनं एकटीनं बागा तोडल्या, खुरपणी केली, आणि मी बी.एस्सी. झाले. आमच्या सगळ्या भावकीत तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. हे मी अजून छाती फुगवून सांगते. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगते. सोलापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, लग्न झालं, धाकटी बहीण पण नांदायला गेली, आणि मग आईला मी माझ्याकडे आणलं.

आईनं जन्मभर मिश्री लावली. दात हलायला लागले, मग पडायला लागले, उरलेले काढावे लागले. कवळी केली. ती हिरड्यांना टोचायची. दोनचार दिवस घालून आईनं ती स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा देवाच्या फळीवर. "आसू दे तितंच," म्हणाली. "मला काय बत्तिशी दाखवाय जायचंय?"

पण भाकरी चावेना. आईचं जेवण कमी होत गेलं आणि झंपर खांद्यावरून उतरायला लागलं. हे मला बघवेना. कॉलेजातल्या एक मॅडम रोज स्मूदी पितात, त्यांनी मला कृती सांगितली. मीही फोनवर बरंच वाचलं. शिकलेल्या माणसाला वाचलेलं पटकन खरं वाटतं. मी नवा मिक्सर आणला. सकाळी केळं, चिकू, भिजवलेले बदाम आणि दूध, वर मध. दुपारसाठी डाळिंबाचा रस गाळून फ्रीजमध्ये. कधी बीट-गाजर, तर कधी पालक.

पालकाचा हिरवा पेला पहिल्यांदा समोर ठेवला तेव्हा आईनं तो उचलून उजेडाकडं धरून बघितला.

"ह्ये आपल्या शेळीला घातलं असतं ना, तर तिनंबी आदी हुंगून बगितलं असतं."

नवरा म्हणाला, "मामी, प्या की. पोरीनं इतकं शिकून केलंय."

"पिते बाबा. जावईबापू, तुमाला न्हाय का दिला?"

"मला भाकरी आहे."

"व्हय. तुमी धडधाकट हाय," आई म्हणाली आणि डोळे मिटून पेला संपवला.

त्या वाक्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

फायदा झाला, हे खोटं नाही. दोनेक महिन्यांत झंपर अंगाला बसायला लागलं. तोंडावर तुकतुकी आली. जिना चढताना मधे थांबायची ती थांबेना. ज्याला चावता येत नाही त्याच्या पोटात फळ, दूध, बदाम एवढं सगळं सकाळच्या घाईत जायला दुसरा सोपा रस्ता मला तरी माहीत नाही. मी कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटले.

तोटे हळू आले. आईला भूकच लागेना. आम्ही ताटं घेतली की ती खिडकीत जाऊन बसायची. "तुमी जेवा, माजं झालंय." हळूहळू तिचं ताट घ्यायचंच बंद झालं. आधी भाकरी तीच थापायची, तव्यावरून ताटात टाकताना कुणाला किती झाली ते बघायची. आता म्हणायची, "खायची न्हाय ती भाकरी थापून काय करू?" घरात तीन माणसं आणि जेवायला दोन. ते मला खुपायचं, पण वजन वाढतंय ना, अशी मी स्वतःची समजूत घालायची.

आणि माझं म्हणाल तर मी थकून गेले होते. सकाळी उठून सोला, चिरा, फिरवा, गाळा. डाळिंबाचे डाग ओट्यावरून जात नाहीत. मिक्सरच्या पात्याखाली चिकू चिकटून बसतो. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बॅरलमधलं पाणी जपून वापरायचं आणि त्यातच हे भांडं रोज दोनदा धुवायचं. नोकरीला जाताना बोटांना बिटाचा रंग असायचा. आईनं कधी "छान झालंय" म्हटलं नाही. औषधासारखं प्यायची आणि पेला पालथा ठेवायची. कधी कधी मला राग यायचा.

मग तिचे पाय दुखायला लागले म्हणून रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी आईला बाहेर बाकावर बसवलं आणि मला विचारलं, काय काय देता? मी जरा ऐटीतच सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"गाळलेल्या रसातला चोथा तुम्ही टाकून देता आणि साखर तेवढी पाजता," ते म्हणाले. "स्मूदीत चोथा राहतो, पण तीन फळं आणि मध एका पेल्यात जातात. चावून खायची असती तर बाई एका केळ्यावर थांबल्या असत्या. ज्याला जेवण जात नाही त्याला थोडे दिवस आधार म्हणून ठीक आहे. जेवणाच्या जागी रोज नको. सध्या पेला बंद करा, कवळी घासून नीट करून घ्या आणि त्यांना जेवायला बसवा."

बाहेर आले तेव्हा आई बाकावर पदर घट्ट धरून बसली होती. "काय म्हनले?"

गावाकडं साखर म्हटलं की पाय कापावा लागतो एवढंच लोकांना ठाऊक. तिला कशाला घाबरवायचं, म्हणून मी म्हणाले, "काही नाही. चल."

दुसऱ्या दिवसापासून पेला बंद. मऊ भात आणि वरण ठेवलं. आईनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला तर मिक्सर धुवायचा नाही एवढंच बरं वाटत होतं. पण ती भातही चार घास खाऊन बाजूला सारायला लागली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. चढलेली तुकतुकी आठवड्याभरात उतरली.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर आईची पत्र्याची पेटी उघडी होती. तिनं बोरमाळ रुमालात बांधून माझ्या उशाशी ठेवली होती.

"धाकटीला फोन लाव," ती म्हणाली. "पोरांस्नी घिऊन ये म्हनावं. ही माळ तिला दे. तुला शिक्षान दिलंय, तुजं झालं."

"आता मधेच काय हे?"

"मधीच न्हाय गं. मला कळतंय की."

"काय कळतंय?"

"तुज्या आण्णालाबी आसाच रस पाजला व्हता. तू रोज पेला द्याय लागलीस तवाच वळखलं मी. तू सांगंनास, म्हनून मीबी इच्यारलं न्हाय. पोरगी राबतीया, तर प्यावं गप. आन् आता डाक्टरनं तुला आत घिऊन सांगितलं, तर त्योबी बंद केलास. मंजी उपेग न्हाय. व्हय का न्हाय?"

मी पर्स खांद्याला असतानाच खाली फरशीवर बसले. इतके महिने ती समोर बसून मरणाचा पेला पीत होती आणि मी तिच्या झंपरकडं बघत खूश होत होते.

"आई, तुला काही झालेलं नाही. जरा साखर वाढली आहे. ती पण त्या रसानंच. दात नाहीत म्हणून देत होते मी रस."

"दात न्हाईत म्हनून?"

"हो."

"दात नसल्याला मानसाला भाकरी कुस्करून देत्यात गं बाय. रस कुटं देत्यात?" ती उठून बसली. "येवढी शिकलीस, आन् भाकरी कुस्कराय ईना?"

"तू कुठं मागितलीस?"

"मरनाऱ्यानं भाकरी मागावी व्हय?"

नवरा दारात उभा राहून हे ऐकत होता. तो म्हणाला, "मामी, मग ही माळ परत पेटीत ठेवू का?"

"आनिक जरा येळ ऱ्हाऊ द्या भाईर," आई म्हणाली. "लेक जीव लावती का बगू."

त्याच रात्री मी तिला ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून दिली. तिनं ताट पुढं ओढलं आणि म्हणाली, "मीट कमी हाय." कैक महिन्यांत तिनं जेवणाला नाव ठेवलं नव्हतं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. दाताच्या डॉक्टरांकडं खेटे घातले. कवळी घासली, पुन्हा टोचली, पुन्हा घासली. आई चिडायची, मी चिडायची. आधी पपईची फोड, मग पोळीचा पापुद्रा, मग भाकरीचा मऊ भाग. डाळिंबाचे दाणे कवळीखाली अडकतात, ते तिनं सोडून दिले. "जल्मभर तोडली, बास झाली," म्हणाली.

मिक्सर आता चटणीला लागतो. एखाद्या सकाळी उशीर झाला तर मी माझ्यापुरती केळं-दुधाची स्मूदी करते, उभ्या उभ्या पिते. बरी असते. आईला विचारते, घोटभर घेतेस का? ती म्हणते, "मला काय धाड भरलीया?"

पाय अजून दुखतात, साखरेची गोळी चालू आहे. भाकरी पुन्हा तीच थापते. गेल्या रविवारी आईनं कडक भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाचटणी आणि दह्याला लावला आणि कवळीनं चावून खाल्ला. आता आमच्या घरात तीन ताटं होतात.