कागदावरचा सूर्य

इंदापुरात एका जुन्या खगोलशास्त्रज्ञाचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. मी गेलो तेव्हा नरसिंहपूरच्या एसटीला वेळ होता म्हणून एक आजी भाजीची रिकामी पाटी घेऊन सावलीला आत आल्या होत्या. तिथल्या बाईंनी खिडकीशी लावलेल्या दुर्बिणीतून टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडलं. "ते शास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग असेच कागदावर उतरवून घेत," त्या म्हणाल्या.

आजींनी पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि कागदाजवळ गेल्या. "जल्मभर सकाळी ह्याला पानी घालती, पर कवा डोळा भरून बघाया मिळालं न्हाय. दिपत्यात की डोळं."

बघता बघता बिंब कागदाच्या कडेला सरकलं.

"कुठं निगाला ह्यो?"

"तो नाही, आजी. आपली पृथ्वी फिरतेय," बाई म्हणाल्या.

आजी खाली बसल्या. त्यांनी फरशीवर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"येवढी मोठी भुई फिरती," त्या हळूच म्हणाल्या, "आन् उसाचं पान हालत न्हाय."

शाळेपासून पाठ असलेली ती गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा खरी वाटली. मी नकळत टेबलाची कड धरली.