मामांच्या श्वासनळीतला सुपारीचा तुकडा

आज कुणी मला शिव्या दिल्या तरी चालतील, पण वाचा.

माझे सासरे, मामा, सहा महिने खोकत होते. तपासणीआधीच आम्ही टीबी ठरवून टाकला. त्यांची खाट शेळ्यांच्या छपरात नेली, ताट-तांब्या वेगळा केला. मीच केला, दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ?

मागच्या आठवड्यात नगरला दुर्बिणीनं त्यांची श्वासनळी तपासली. तिथं अडकलेला सुपारीचा तुकडा निघाला. तरी जंतूंचा रिपोर्ट येईपर्यंत खाट छपरातच राहिली.

आज रिपोर्ट आणायला मी मामांना घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "टीबी नाही, गाठही नाही. खोकला त्या सुपारीचाच होता."

मामांनी विचारलं, "म्हंजी माझ्यापासनं कुनालाच धोका नव्हता व्हय?"

मी फाईलमध्ये डोकं घातलं.

घरी येताच त्यांनी खाट ओढत ओसरीवर आणली. चार वर्षांच्या नातीला, माझ्या लेकीला, हाक मारली, "ये गं बाय, आजा बरा हाय."

तिनं फ्रॉक वर ओढून नाक झाकलं. लांबूनच म्हणाली, "आई मारंल."

मामा उठले आणि खाट परत छपराकडं ओढू लागले.

रिपोर्ट मला समजला. तिला कसा समजावू, सांगता का कुणी?