एकाच रेघेवरचा ठिपका

रविवारी सकाळी मी सुधाताईंना सहज फोन केला, तर तो त्यांच्या पानिपतच्या भाच्याने उचलला. ताई बुधवारीच गेल्या होत्या. "सगळ्यांना कळवलंय," तो गोंधळून म्हणाला, "तुम्हाला नाही कळलं?" मी दिल्लीत मयूर विहारमध्येच राहतो, त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ.

सुधाताई दिल्लीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. इथल्या एकट्या राहणाऱ्या मराठी माणसांपैकी अडीअडचणीला कोणी कोणाला फोन करायचा, याचं जाळं त्यांनी विणलं होतं. माणूस म्हणजे ठिपका, फोन म्हणजे रेघ. दोघं प्रत्यक्ष भेटल्याशिवाय मात्र रेघ मारायची नाही. कागदावर गिचमिड व्हायला लागली तेव्हा त्यांनी मला बोलावलं, कारण मी नोएडात सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून हलकं लिनक्सही मीच घालून दिलं होतं. मी हौसेने गेफी नावाचं जाळी काढायचं सॉफ्टवेअर बसवलं. ठिपके रंगवा, माउसने हवे तिथे ओढा. लॅपटॉप धापा टाकायला लागला. मग नाइलाजाने ग्राफविझ दाखवलं. त्यात कोण कोणाला जोडलंय एवढंच फाइलमध्ये एकेका ओळीत लिहायचं, चित्र आपोआप तयार होतं. मला ते रुक्ष वाटायचं, ताई मात्र खूश. "मला रांगोळी नाही काढायची रे. एकाच्या ओळी पुसल्या की कोण सुटं पडतं ते दिसलं, बस."

सगळ्यात आधी त्यांनी स्वतःच्याच ओळी पुसून पाहिल्या. जाळं शाबूत राहिलं, एक ठिपका तेवढा कोपऱ्यात जाऊन पडला. "हा तू," त्या म्हणाल्या. "तुझ्या समोरच्या इमारतीत कुलकर्णी राहतात. भेटून घे."

"बिल्कुल, या रविवारी," मी म्हणालो, आणि रंगांबद्दलच बोलत बसलो. असे कितीतरी रविवार गेले. म्हाताऱ्यांच्या या जाळ्यात मी मदत करणारा, अशीच माझी समजूत होती.

त्या रविवारी संध्याकाळी मी कुलकर्ण्यांचं दार वाजवलं. काठी टेकत त्यांनीच उघडलं. "अच्छा, ताईंचे कॉम्प्युटरवाले तुम्ही! स्मशानात दिसला नाहीत. बाहेरगावी होतात का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी चहा दिला, माझा नंबर घेतला. "आता काही लागलं तर मला फोन करायचा. मी येतो."

भाच्याने ताईंचा लॅपटॉप मला दिला, आता ती फाइल माझ्याकडे आहे. कुलकर्णी आणि मी, अशी ओळ मी तिच्यात लिहिली. ताईंच्या ओळी अजून तशाच आहेत. त्या पुसल्या तरी मी आता सुटा पडणार नाही... आणि ते पडद्यावर बघायची मला लाज वाटते.