चिठ्ठ्या सुटलेले दगड

कॉलेजच्या भूशास्त्र प्रयोगशाळेत आक्का बावीस वर्षं शिपाई होत्या. दगड पुसायचे, तासाआधी ट्रे मांडायचे आणि तास संपेपर्यंत दाराशी स्टुलावर बसायचं, एवढं त्यांचं काम.

सुट्टीत रंगारी आले. कपाटं हलवताना त्यांनी चारशे दगड एकाच ढिगात ओतले आणि सुटलेल्या चिठ्ठ्या कचऱ्यात टाकल्या. महिन्यापूर्वीच शिकवायला लागलेल्या मॅडम ते पाहून हबकल्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या कापायला लागल्या. कॉलेज उघडायला आठ दिवस होते.

आक्कांनी बाह्या सरसावल्या आणि पांढऱ्या दगडांपासून सुरुवात केली. चाकूचा ओरखडा उठला ते कॅल्साइट, उठला नाही ती गारगोटी. सोन्यासारखा चमकणारा एक तुकडा त्यांनी फरशीच्या खरखरीत बाजूवर घासला. काळी रेघ उमटली; सोन्याची पिवळी उमटते. "हा भामटा," त्या म्हणाल्या, "पायराइट."

मॅडम चिठ्ठ्या लिहिता लिहिता थांबल्या. हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. आक्का ओशाळल्या. "दार उघडंच असायचं," एवढंच म्हणाल्या.

एक संगमरवर त्यांनी घाईत चाकू न लावताच गारगोटीत टाकला होता. मॅडमनी त्यावर आम्लाचा थेंब सोडला, तसा तो फसफसला. आक्का दिवसभर स्वतःवरच चिडून होत्या. पण सहाव्या दिवशी कपाटं भरली.

पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडमनी स्टूल आत आणून ठेवलं आणि आजचे खडक आक्का दाखवतील, असं मुलांना सांगून टाकलं. आक्का स्टुलाच्या कडेवर टेकल्या. मग एका हातात बेसाल्ट आला, दुसऱ्यात ग्रॅनाइट, आणि हात सवयीने पुढे झाले.

"दोघेही वितळलेल्या खडकातून झालेले," त्या म्हणाल्या. "हा काळा वर येऊन झटकन निवला, दाणे वाढायला सवडच मिळाली नाही. हा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात फार सावकाश निवला, म्हणून त्याचे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात."

घरी नवरा नळ दुरुस्त करत होता. त्याला अलीकडे कमी ऐकू यायचं.

"आज मी तास घेतला," आक्का म्हणाल्या.

"कशाला त्रास घेतेस या वयात?"

"त्रास नाही हो, तास!"

त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसला. सगळं पहिल्यापासून सांग म्हणाला. आक्कांनी बरणीतून मिठाचा खडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. हेही खनिजच, म्हणाल्या. तो खडा उजेडात धरून बराच वेळ निरखत राहिला.