एका कांडीची प्रार्थना

ज्या संध्याकाळी ओईरिकची किटली चुलीवर आटून काळी ठिक्कर पडली, ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात हलकी संध्याकाळ. लग्नाच्या चौतीस वर्षांत तिच्या हातून कधी किटली आटली नव्हती. पण त्या संध्याकाळचं मोल कळायचं, तर आधी तिच्या घरातल्या पुस्तकाविषयी सांगायला हवं.

स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, आमच्या पश्चिमेच्या बाजूला, "प्रार्थना केलीस का?" असं कुणी कुणाला विचारत नाही. "पुस्तक घेतलं का?" असं विचारतात. पुस्तक म्हणजे पवित्र शास्त्र. घरात आणखी पुस्तकं असली तर त्यांना नावं असतात. याला नाव लागत नाही. सकाळी ओटची पेज झाली की एकदा आणि संध्याकाळचं जेवण उरकलं की एकदा, घरधनी ते फळीवरून खाली काढतो. स्तोत्राची दोन कडवी गायची, एक अध्याय वाचायचा, मग सगळ्यांनी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकायचे, कोपरं खुर्चीवर ठेवायची, आणि घरधन्याने देवाशी आपल्या शब्दांत बोलायचं. आपल्या शब्दांत, हे महत्त्वाचं. पाठ केलेली प्रार्थना आमच्याकडे चालत नाही. दुसऱ्याची प्रार्थना म्हणजे दुसऱ्याचा कोट, खांद्यात बसायचा नाही, असं जुनी माणसं म्हणत.

ओईरिकचा नवरा टॉर्कल. उंच, संथ चालीचा माणूस. चर्चमध्ये स्तोत्राचा सूर धरायचं काम त्याचं. तो एकटा ओळ उचली, आणि मागून सगळी मंडळी भरतीच्या पाण्यासारखी चढत येई. घरातही चौतीस वर्षं पुस्तक घेतलं ते त्यानेच. ओईरिक शेजारच्या खुर्चीवर डोकं टेकून ऐकत असे, म्हणजे एक कान त्याच्याकडे आणि एक किटलीकडे. गुडघे टेकायच्या आधी ती किटली चुलीवर चढवी, आणि इकडे टॉर्कलचं "आमेन" निघायला आणि तिकडे पाण्याला उकळी फुटायला एकच गाठ पडे. देवाशी बोलायचं तिच्या वाटणीचं कामही टॉर्कलच उरकत होता. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या वाटणीचा चहा तीच करत होती ना.

मे महिन्यात सगळं गाव दलदलीतली जळणाची माती कापायला माळावर गेलं होतं. तिथे टॉर्कलच्या हातून फावडं गळालं. उचलायला तो वाकलाच नाही. ते दुसऱ्या कुणाचं असावं तसा त्याच्याकडे पाहत उभा राहिला. तीन आठवडे इस्पितळात काढून तो घरी आला, तो उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. एक "हां" तेवढा उरला होता. होकारालाही हां आणि नकारालाही हां.

"त्यांना सगळं कळतं," डॉक्टर म्हणाले होते. "फक्त बाहेर येत नाही."

घरी आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी टॉर्कलने जेवणाची ताटली डाव्या हाताने बाजूला सारली आणि मोकळ्या जागेवर पंजा उपडा ठेवला. मग फळीकडे पाहिलं. ओईरिकने पुस्तक काढून दिलं. त्याने ते तिच्याकडे सरकवलं.

तिने वाचलं. अडखळत का होईना, वाचलं. मग दोघांनी गुडघे टेकले. त्याला खाली बसवायलाच बराच वेळ गेला. आणि मग काही नाही. घड्याळ टिकटिकत होतं, बाहेर मेंढ्या ओरडत होत्या, टॉर्कल वाट पाहत होता, आणि दिवसभर अखंड बोलणाऱ्या या बाईची जीभ टाळ्याला चिकटली होती. "प्रभू," एवढं ती म्हणाली. पुढे काय? इतकी वर्षं जे काम नवऱ्याच्या गळ्यात होतं, ते आपल्या गळ्यातून कसं निघणार?

"किटली उकळली वाटतं," असं म्हणून ती उठली. किटली चुलीवर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी गाय अडली होती. ती काही फार अडली नव्हती. हळूहळू पुस्तक फळीवरच राहिलं. टॉर्कलने आठ दिवस पंजा टेबलावर ठेवला आणि नवव्या दिवशी ठेवला नाही. जेवण अर्धं टाकून तो खिडकीशी जाऊन बसला, तोंड समुद्राकडे, पाठ घराकडे. त्या माणसाच्या दिवसाला दोन काठ होते, एक सकाळचा, एक संध्याकाळचा, आणि दोन्ही काठ उसवले होते. हात गेला, वाचा गेली, ते त्याने सोसलं. हे त्याला सोसत नव्हतं. ओईरिक विणकरीण होती. काठ सुटलेल्या कापडाचं पुढे काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

टॉर्कलची थोरली बहीण शोनाक शेजारच्याच घरात राहायची. ती दूध घेऊन आली, फळीवर नजर टाकली, आणि बोटाने पुस्तकावरची धूळ पुसून ते बोट ओईरिकपुढे धरलं.

"हे काय गं?"

"धूळ आहे, वन्सं."

"ते मलाही दिसतंय. माझ्या बापाच्या वेळी या फळीवर धूळ बसायला जागा नव्हती. दिवसभर तुझी टकळी चालू असते, कोंबड्यांना उपदेश करतेस. देवापुढेच काय झालं? दातखीळ बसली?"

"कोंबड्या ऐकून घेतात हो. पुढच्या शब्दाची वाट बघत बसत नाहीत."

"मी फिनलेला सांगते," शोनाक म्हणाली. "त्याचं कामच ते."

फिनले म्हणजे चर्चने घरोघर विचारपूस करायला नेमलेले ज्येष्ठ, धंद्याने कोळी, हात फावड्यासारखे आणि आवाज मऊ. गुरुवारी ते आले, टोपी काढली, पुस्तक घेतलं, आणि प्रार्थना केली ती वीस मिनिटं. राजघराणं आलं, पार्लमेंट आलं, परदेशी गेलेले मिशनरी आले, बटाट्यांवरचा रोगसुद्धा आला. ओईरिकने मध्येच एक डोळा उघडून पाहिलं. टॉर्कलने डोळे मिटलेलेच नव्हते. तो तिच्याकडे पाहत होता.

निघताना फिनले दारात थांबले.

"बाई, मी येत जाईन. पण हा माझ्या प्रार्थनेची वाट बघत नाहीये."

"मला येत नाही हो, फिनले. खरंच येत नाही. तुमच्यासारखं मोठं मोठं बोलायला..."

"मोठं कुणी मागितलंय? रस्त्यावरून जाताना तुमच्या मागाची खटखट थांबली की आतून तुमचा आवाज ऐकू येतो. मागाशी भांडत असता. मागाशी बोलता येतं ना?"

"सूत तुटलं की शिवीसुद्धा देते मी."

"मग तेवढ्याच जवळून बोला," फिनले म्हणाले आणि टोपी घालून चालते झाले. जरा पुढे जाऊन वळून म्हणाले, "शिवी वगळून."

ओईरिकचा माग घरामागच्या पत्र्याच्या खोपटात होता, पायांनी चालवायचा, लोखंडी. तो चालू असला की स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. पण आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की माग थांबवावाच लागतो. रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची, टोक ओवायचं. तेवढा वेळ खोपटात अशी शांतता उतरते की कानात वाजते. दिवसातून कितीदा तरी ती उतरते. एरवी त्या शांततेत ओईरिक मागाला नावं ठेवी. शुक्रवारी सकाळी तिने ठरवलं: कांडी बदलायची तेवढ्या वेळात एक वाक्य. जास्त नाही.

पहिली कांडी संपली. "प्रभू," ती म्हणाली, आणि टोक ओवून झालं.

दुसरी संपली. "प्रभू, मी ओईरिक." हे देवाला ठाऊक असणार असं वाटून ती ओशाळली आणि तिने पाय मारायला सुरुवात केली.

दहाव्या-बाराव्या कांडीला नवल झालं. तोंडातून आपोआप एक अख्खं वाक्य निघालं, चांगलं घडीव, चालीत बसलेलं. ते तिचं नव्हतं. टॉर्कलचं होतं. पुढच्या कांडीला त्याच्या पुढचं आलं. एक कान किटलीकडे असतानाही दुसऱ्याने आपलं काम केलं होतं. चौतीस वर्षांची प्रार्थना तिच्या आत, धान्य कणगीत असावं तशी भरून होती. शनिवार दुपारपर्यंत ती सुरुवातीचे चार-पाच धागे ओढून बघत होती, आणि मागचे आपसूक येत होते.

दुसऱ्याचा कोट. तिला ठाऊक होतं. पण थंडीत कुडकुडणारा माणूस कोट कुणाचा ते बघत नाही. शिवाय कोट नवऱ्याचा होता.

त्या संध्याकाळी खारवलेले मासे आणि बटाटे झाले. जूनचं ऊन अजून खिडकीतून आत येत होतं. ओईरिकने किटली चढवली, फळीवरून पुस्तक काढलं आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "चला. पुस्तक घ्यायचंय."

टॉर्कल वळला. काठी टेकत टेबलाशी आला.

स्तोत्राचा सूर तिने फार वर धरला. दुसऱ्या कडव्याला तो पार छपराला लागला. पण गायली. वाचलं. गुडघे टेकले. डोळे घट्ट मिटले आणि टॉर्कलच्या चालीत, त्याच्याच थांब्यांवर थांबत, तिने सुरुवात केली.

"प्रभू, आजचा दिवस पार पाडलास, तुझे उपकार. समुद्रावर असतील त्यांना किनारा दाखव. माळावरच्या मेंढरांना सांभाळ, आणि गावातल्या माणसांना जास्त सांभाळ, कारण ती मेंढरांहून वेडी. ग्लासगोतल्या आमच्या लेकीला, मोरॅगला, चांगली संगत दे. शोनाकच्या गुडघ्यांना आराम दे..."

जणू माग सुरू झाला होता. पाय न थांबता चालावेत तसे शब्द चालले होते. ओईरिकच्या छातीवरचं ओझं उतरत होतं, आणि त्याच भरात ती पुढे म्हणाली,

"...आणि ही बायको तू मला दिलीस, तिच्या जिभेला लगाम घाल, आणि मला तिला सोसायचं बळ दे."

ती थांबली.

टॉर्कलच्या प्रार्थनेत हे वाक्य रोज होतं. सकाळ-संध्याकाळ होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते ऐकून तिने दोन दिवस अबोला धरला होता, आणि टॉर्कलने प्रार्थना फळाला आली म्हणून देवाचे उपकार मानले होते. पुढे ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं. होतं, पण ऐकू येत नव्हतं. आता ते तिने स्वतःच्या तोंडाने, स्वतःविषयी, डोळे मिटून देवापुढे मांडलं होतं.

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. गुदमरल्यासारखा. पुन्हा अर्धांगाचा झटका आला असं वाटून ओईरिकने डोळे उघडले. टॉर्कलचं कपाळ खुर्चीवर टेकलेलं होतं आणि खांदे गदगदत होते. चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, पण ती बाजू हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माळावर फावडं पडल्यापासून त्या घरात असा आवाज झाला नव्हता.

"हसतोस काय?" ती म्हणाली. "देवापुढे आहोत आपण." आणि तिलाही आवरेना. साठीतली दोन माणसं गुडघ्यांवर बसून, खुर्च्यांना धरून हसत होती, आणि प्रार्थना अजून संपलेली नव्हती. आमेन व्हायचं होतं.

ती संपवायलाच हवी होती. ओईरिकने स्वयंपाकाच्या एप्रनने डोळे पुसले, पुन्हा तोंड खुर्चीकडे केलं, आणि कोट अंगावरून केव्हाच गळून पडलाय हे तिच्या ध्यानात यायच्या आत बोलू लागली.

"प्रभू, तुझी ऐकण्यात गफलत झाली. लगाम मागितला होता माझ्या जिभेला, आणि घातलास याच्या. आता घातलास तर घातलास. मी भांडत नाही. फार घाबरले होते, तेवढं सांगते. फार. तो समुद्राकडे तोंड करून बसायचा तेव्हा मला वाटायचं, हा निघाला. त्याला बसू दे इथे माझ्याजवळ. त्याचं बोलायचं राहिलेलं मी बोलत जाईन, येईल तसं. आमेन."

"हां," टॉर्कल म्हणाला. आमेनच्या जागी, आमेनच्याच वजनाने.

मग जळका वास आला. किटली आटून बुड काळं पडलं होतं. ओईरिकने ती फडक्याने उचलून दारात ठेवली, थंड वाऱ्यात, आणि बघत उभी राहिली. लहानशी किटली, आटायला कितीसा वेळ लागणार. पण दोन्ही कान आपण पहिल्यांदाच एकाच कामाला लावले होते, हे त्या काळ्या बुडाकडे पाहून तिला कळलं.

रविवारी सकाळी पेज व्हायच्या आधीच टॉर्कलचा पंजा टेबलावर होता.

तेव्हापासून त्या घरात पुस्तक चुकलेलं नाही. खोपटातही चालू आहे. एखाद्या दिवशी सूत वारंवार तुटतं आणि तेव्हा फिनलेनी वगळायला सांगितलेलंच तोंडी येतं, पण पुढची कांडी असतेच. शोनाकने एकदा खोदून विचारलं, "किती वेळ बोलतेस गं देवाशी?"

"एका कांडीएवढं, वन्सं."

"एवढंसं?"

"जास्त बोलले की पाणी आटतं."

टॉर्कलची काही वाक्यं तिने ठेवली आहेत, समुद्रावरच्यांचं, मेंढरांचं, शोनाकच्या गुडघ्यांचं. बाकीची तिची स्वतःची. जिभेचं वाक्य ती म्हणत नाही. त्या जागी पोहोचली की ती फक्त थांबते, आणि शेजारच्या खुर्चीतून मोठ्या जोराने, अगदी मनापासून "हां" येतो.