दिसली तरी दिसली नाहीत

गुरुप्रसाद आमच्या ऑफिसात ऑडिट करतो. दुसऱ्याची चूक दिसली आणि हा गप्प बसला, असं आजवर झालेलं नाही. बायको सावनी आणि मुलगी पुण्यात, हा इथे आखातात, सनाबिसला एकटा. शुक्रवारी सुट्टीला करमत नाही म्हणून ऑफिसचे जुने मेल वाचत बसायचा. मला कीव आली आणि मी त्याला जनाबियाला इलियासभाईंच्या घरी पोकर खेळायला नेलं. माझीच हौस.

तिथे दर शुक्रवारी जेवणं झाली की डाव बसतो. पैसे लावायचे नाहीत, रत्नागिरीहून आणलेले चिंचोके लावायचे. नियम इलियासभाईंच्या आईचे, म्हणजे जमीलाचाचींचे. कुणाला घाई करायची नाही. टाकलेली पानं उलटून बघायची नाहीत. आणि शेजाऱ्याची पानं दिसली तरी ती दिसली नाहीत असं समजायचं, कारण चाचींचा हात थरथरतो आणि त्यांची पानं अर्ध्या खोलीला दिसतात.

गुरुप्रसादने पहिल्याच दिवशी तिन्ही नियम मोडले. चाचींनी टाकलेली पानं उलटून, ती कशी टाकायला नको होती हे मोबाइलवर दाखवून दिलं. चाची हसल्या. त्याला चहा मिळाला, पण पुढच्या शुक्रवारी निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तो चेहरा पाडून माझ्याकडे आला. त्याचं काय चुकलं, ते मी अजिबात न लाजता सांगितलं. मग इलियासभाईंकडे शब्द टाकला. ते म्हणाले, अम्मी म्हणते अजून एकदा आण, मग बघू.

या शुक्रवारी तो जीव मुठीत धरून बसला होता. एका डावात तो आणि चाची दोघेच उरले. चाचींच्या हातात पाचही बदाम, आम्हा सगळ्यांसमोर. याच्याकडे नुसत्या दोन सत्त्या. चाचींनी पानं पालथी टाकली आणि म्हणाल्या, माझ्याकडे काही नाही.

गुरुप्रसादचे कान लाल झाले. त्याने चहाचा रिकामा कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मग मुकाट्याने चिंचोके ओढले.

निघताना चाचींनी त्याला दारात थांबवलं.

"पाचही बदाम दिसत होते मना, बाबा. तुजी जीभ गप बसते का, ता बगत होते. पुढल्या जुम्म्याला जेवायलाच ये."

गाडीत बसताच त्याने सावनीला फोन लावला. चाचींनी जेवायला बोलावलंय, हे त्याने तिला दोनदा सांगितलं. डाव जिंकल्याचं त्याच्या लक्षातही नव्हतं.